टायरेल साहेबांचा तांडा

टायरेल साहेब वारल्याचं त्यांच्या गावच्या पाद्र्यांनी कळवलं, तेव्हा मी आमच्या कॉलेजच्या खोलीत सहामाहीच्या उत्तरपत्रिका घेऊन बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोण होते हे? मी म्हटलं, आयर्लंडमधले एक जमीनदार, लंडनच्या पार्लमेंटचे जुने सभासद. मग तुमची ओळख कुठे झाली, असं त्यांनी विचारलं आणि मी यवतमाळला म्हटल्यावर त्या हसायलाच लागल्या. हसू येण्यासारखंच आहे ते, पण घडलं तसंच. महाराष्ट्र राज्य झालं त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी वऱ्हाडात गेले होते. आमच्या कोल्हापूरकडच्या लोकांना अजूनही तो मुलूख कुठेतरी लांब, उन्हात पडलेला वाटतो. त्यांच्यासाठी, आणि थोडं साहेबांसाठी, हे लिहिते आहे.

यवतमाळ

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, यवतमाळला डॉक्टर आहेत. नाताळाच्या सुटीत ताईनं बोलावलं म्हणून गेले. वाटेतल्या गाड्या आणि धूळ यांचं वर्णन करत नाही. उतरले तेव्हा थंडीनं दात वाजत होते. वऱ्हाड म्हणजे ऊन, एवढंच ऐकून मी एकही लोकरी कपडा बरोबर घेतला नव्हता. पहिले दोन दिवस ताईची शाल गुंडाळून हिंडले.

कापसाचा हंगाम होता. जिनिंगकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग बाजारापासून गावाबाहेर जायची, आणि गाड्यांतून उडालेला कापूस बाभळीच्या काट्यांना, तारांना, दवाखान्यात येणाऱ्या माणसांच्या भुवयांनाही लागलेला असायचा. आमच्याकडे ऊस गोड वास मागे ठेवून जातो. इथे कापसाला वास नाही, पण तो सगळीकडे असतो. भाषेचीही गंमत. भाजीवाली मला म्हणाली, "काहून बाई, घेत नाई का?" मला वाटलं, रागावली. ताई खो खो हसली. ती स्वतः आता 'मले, तुले' म्हणत होती आणि तिला ते कळतही नव्हतं.

साहेब मला प्रथम दिसले ते दाजींच्या दवाखान्याच्या बाकावर, कापसाच्या दोन हमालांच्या मधे. उंच, वाकलेले, पांढऱ्याशुभ्र भुवयांचे, वय ऐंशीच्या घरात. कानाला ऐकायचं यंत्र, त्याची तार कोटाच्या खिशात. प्रवासानं पोट बिघडलं होतं. दाजी इंग्रजीतून विचारत होते तरी साहेब हट्टानं मराठीत उत्तर देत होते. "मले भूक लागत नाई," ते म्हणाले. हमाल इतके चकित झाले की आपलं दुखणं विसरले.

तरुणपणी ते या जिल्ह्यात जमाबंदीच्या खात्यात नोकरीला होते. तेव्हा याला वणी जिल्हा म्हणत. पैमाईश, म्हणजे जमिनीची मोजणी, करणाऱ्या माणसांकडून आणि बैलगाडीवाल्यांकडून शिकलेली तेवढी मराठी त्यांच्याजवळ पन्नासएक वर्षं तशीच राहिली होती. पाणी, भाकर, बैल, बांध, पाऊस, 'काहून' आणि 'कायले'. त्यापुढचं सगळं विसरलेले. त्यांना पूर्वेकडे मारेगावच्या बाजूला जायचं होतं आणि दुभाष्या पाहिजे होता. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजी शिकवते हे त्यांनी साहेबांना अगोदरच सांगून टाकलेलं होतं.

तब्येत सुधारेपर्यंत साहेब रोज सकाळी ताईच्या अंगणात उन्हाला बसायला येत. ताई त्यांना मऊ भात आणि ताक देई. ते मन लावून खात आणि मग बोलत. मी वही-पेन्सिल घेऊन बसले नव्हते, पण त्यांचं आयुष्य मला त्या अंगणातच कळलं.

त्यांच्या घराण्याकडे आयर्लंडच्या पश्चिमेला मोठी जमीन होती. कसणारी कुळं सगळी गरीब, बटाट्यावर जगणारी. बटाट्यावर रोग पडून मोठा दुष्काळ आला तेव्हा साहेबांच्या आजोबांनी खंड थकला म्हणून कुळांना घरांतून बाहेर काढलं आणि घरांची छपरं पाडली, म्हणजे ती परत यायला नकोत. पडक्या भिंती साहेबांच्या लहानपणीही उभ्या होत्या. त्यांच्यामधून शाळेत जाताना त्यांना कोणी दगड मारला नाही, पण कोणी बोललंही नाही. धाकटा मुलगा म्हणून जमीन त्यांच्या वाट्याला यायची नव्हती. ते नोकरी घेऊन हिंदुस्थानात आले आणि इथे आपल्याला फार हलकं वाटलं, असं ते म्हणाले. इथे त्यांच्या आडनावाचा अर्थ कोणाला माहीत नव्हता.

मग थोरला भाऊ घोड्यावरून पडून गेला. साहेबांना तातडीनं परत जावं लागलं आणि ज्या जमिनीपासून पळाले तिचेच ते मालक झाले. काही वर्षांनी त्याच भागातून पार्लमेंटवर निवडून गेले, आणि तेही कुळांच्या बाजूनं. जमीनदारांकडून जमिनी घेऊन त्या कसणाऱ्यांना विकत देण्याचे कायदे तेव्हा चालले होते. साहेबांनी त्यांच्या बाजूनं मत दिलं आणि आपली जमीन सगळ्यांच्या आधी दिली. शेजारच्या जमीनदारांनी त्यांच्या घरी जेवायला येणं बंद केलं. पुढे आयर्लंडच्या स्वातंत्र्याच्या धामधुमीत त्यांचा वाडाही जळाला. जाळणाऱ्यांना हा चांगला जमीनदार आणि तो वाईट, एवढं बघायला वेळ नव्हता. आता ते फाटकाशेजारच्या माळ्याच्या घरात राहत होते. हे सगळं त्यांनी दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं सांगितलं.

मी विचारलं, मग इतक्या वयात इकडे कशासाठी?

इथे असताना त्यांनी एका बंजारा नायकाला बैल विकून जमीन घ्यायला लावली होती. थावरा नायक त्याचं नाव. बंजारे पिढ्यान्‌पिढ्या बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलखातून हिंडायचे. रेल्वे आली आणि त्यांचा माल तिच्याकडे गेला. पडीक जमीन लागवडीला देण्याचं काम साहेबांकडे होतं. थावरा नको म्हणत होता. साहेब पुन्हा पुन्हा गेले आणि त्यानं शेवटी मान डोलावली. पण ती जमीन त्याच्या नावावर होऊन पहिलं पीक उभं राहायच्या आतच भावाची बातमी आली. "मी जन्मभर लोकांना जमीन दिली," साहेब म्हणाले, "पण नको म्हणणाऱ्याला फक्त एकदाच दिली. त्याचं काय झालं ते मला मरण्यापूर्वी बघायचं आहे."

कळंब

सरळ वाटेनं मारेगावला जाण्याऐवजी दाजींनी जीप कळंबवरून काढली. कारण ताईनं चिंतामणीला नवस केला होता, साहेब बरे होऊ देत म्हणून. साहेबांना हे कळलं तेव्हा ते ओशाळले आणि माझ्यासाठी देवाला नवस बोलणारं घर फार वर्षांत भेटलं नव्हतं, असं म्हणाले.

कळंबचं देऊळ आमच्याकडच्या देवळांसारखं टेकडीवर चढून जायचं नाही, खाली उतरून जायचं. पायऱ्या उतरत जावं तसा गारवा वाढतो. खाली कुंड आहे, आणि कधीकधी कुंडाचं पाणी चढत चढत गणपतीच्या पायांना लागतं असं पुजारी सांगत होते. साहेब वरच्या पायरीवर थांबले होते. पुजाऱ्यांनीच हात करून त्यांना बोलावलं. मग एका हातानं दाजींचा खांदा आणि दुसऱ्या हातानं भिंत धरत ते उतरले, कुंडाच्या काठाशी उभे राहिले आणि टोपी काढून हातात धरली. पाण्यात एक बेडूक पोहत होता, त्याच्याकडेच ते बराच वेळ पाहत होते.

वर आलो तर साहेबांचा एक बूट नाहीसा. फुलवाली म्हणाली, कुत्र्यानं नेला, जी. दाजी आणि मी देवळामागच्या गल्लीत शोधत फिरलो. कुत्रा सापडला, पण बुटाची जीभच तेवढी त्याच्या तोंडात उरली होती. शेवटी दाजींसाठी मी कोल्हापूरहून आणलेल्या नव्याकोऱ्या चपला जीपमध्ये पिशवीत तशाच होत्या, त्या साहेबांनी घातल्या. दाजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. नवी कोल्हापुरी काय करते हे आमच्याकडच्यांना सांगायला नको. साहेब करकर वाजवत बाजारातून चालले, आणि लोक दुकानातून उठून बघायला आले. पाय सोलले होते तरी ते एकदाही कुरकुरले नाहीत. चपलाच तेवढ्या कुरकुरत होत्या.

पुढे राळेगाव सोडल्यावर काळी जमीन लागली. दोन्ही बाजूंना पांढरं शेत, मधेच पिवळ्या फुलांनी डवरलेली तूर, लांबवर सागाच्या जंगलाची कड. साहेब खिडकीबाहेर तोंड काढून बसले होते. जिथे सागाचं जंगल आठवत होतं तिथे कापूस होता. रस्ता आठवत होता तो ओढ्यापलीकडून जात होता. चिंच मात्र एक ओळखली, किंवा ओळखली असं त्यांना वाटलं, आणि आम्ही हो म्हटलं.

वडकीच्या अलीकडे जीप तापली. रस्त्याच्या कडेला चारदोन घरांची नवी वस्ती होती, भिंतींना ताजा चुना. काही वर्षांमागे नागपूरला ज्यांनी जुना धर्म सोडला त्यांच्यातली ती माणसं. एक मध्यमवयाचा गृहस्थ बादलीभर पाणी घेऊन आला, इंजिनात ओतलं, आणि मग पितळी तांब्या पुढे करून शांतपणे विचारलं, "आमच्या घरचं पानी चालते का तुमाले?" दाजींनी तांब्या घेतला, प्याले आणि माझ्याकडे दिला. मी प्याले. साहेबांनी उरलेलं सगळं संपवून "अजून" म्हटलं. त्या गृहस्थांना हसू आलं. जीप चालू होईपर्यंत ते साहेबांना आपली तूर दाखवत होते आणि साहेब शेंगा सोलून खात होते.

मारेगाव

मारेगावला दाजींच्या ओळखीच्या एका पाटलांकडे जेवण होतं. पाटलांच्या घरची जमीन मोठी. शेतातच मांडव घातला होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले रोडगे, तुपात बुडवून, आणि वांग्याची भाजी. आमच्याकडे तांबड्या रश्श्याची ऐट मिरवतात, पण त्या वांग्याच्या भाजीपुढे मी पाण्याचा तांब्या जवळ ओढून बसले. साहेबांसाठी ताईनं डब्यात दहीभात दिला होता. त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला आणि रोडगे खाल्ले. दाजींनी डोळे वटारले.

जमिनीवर कमाल मर्यादा घालणारा कायदा येणार, हीच चर्चा तेव्हा सगळीकडे होती. पाटलांना साहेबांकडून ऐकायचं होतं, तुमच्याकडे जमीनदारांनी अशा वेळी काय केलं. मी भाषांतर केलं. साहेब म्हणाले, बहुतेक जण रागावून बसले, आणि राग आणि जमीन दोन्ही एकदम राखता येत नाही. पाटलांनी ते दोनदा ऐकून घेतलं. मग त्यांनी मोकळेपणानं सांगितलं की आपल्यालाही राग येतो, वाडवडिलांनी जंगल तोडून ही जमीन केली. साहेबांनी मान हलवली. माझ्या आजोबांबद्दल मला असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच ते बोलले.

थावरा नायकाच्या तांड्याचा पत्ता पाटलांनाच माहीत होता. तांडा आता नातवाच्या, बळीरामच्या, नावानं ओळखला जात होता. पण पाटलांनी इशाराही दिला. गोरा साहेब, जीप आणि सोबत एक बाई, असे जमिनीची चौकशी करत गेलात तर लोक बिथरतील. मोजणीवाले आले म्हणतील.

तांडा

तसंच झालं. तांडा उंचवट्यावर होता, कुडाच्या घरांच्या दोन रांगा, मधे मोठा कडुनिंब. आम्ही उतरलो तेव्हा बायका आरशांच्या ओढण्या सावरत घरांत गेल्या आणि चार पुरुष पुढे आले. बळीराम त्यांतला एक, चाळिशीचा, खांद्यावर टॉवेल. रामराम झाला. मी सांगितलं, हे साहेब फार वर्षांपूर्वी इथे होते, थावरा नायकाच्या ओळखीचे. बळीरामनं सरळ सांगितलं की इथे थावरा नावाचं कोणी नव्हतं.

दाजींनी सांगून पाहिलं. मी सांगून पाहिलं. आम्हाला जमिनीशी काही करायचं नाही, असं म्हणत गेले तसतसे त्यांचे चेहरे अधिकच बंद होत गेले. कोणीतरी चहाचं विचारलं, पण बसा कोणी म्हणेना. साहेबांना यंत्रातून अर्धवट ऐकू येत होतं. ते एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. शेवटी त्यांनी मला विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. परत जाऊ या का, असंही विचारलं.

तेवढ्यात वेचणी आटोपून बायकांचा एक घोळका शेताकडून आला. ओट्यांत कापूस. त्यांच्या पुढे एक म्हातारी होती, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, चालणं ताठ. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि आपल्या मोडक्या मराठीत, बहुतेक कोणालाच उद्देशून नाही, विचारलं:

"मोती कुठी हाय?"

सगळे गोंधळले. म्हातारी मात्र जागीच थांबली. ती साहेबांच्या अगदी जवळ आली आणि खालून वर त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली.

"मोती मेला," ती म्हणाली. "तू गेलता, त्याच्या दुसऱ्या साली मेला."

मोती हा थावराच्या तांड्याचा पुढचा बैल, बाकीचे विकले तेव्हाही ठेवलेला. त्याच्या शिंगांना मोरपिसं बांधलेली असत, त्याच्या पाठीवर कधी ओझं लादत नसत, आणि तो वळेल तिकडे सगळा तांडा वळे. म्हातारी ही थावराची मुलगी चांदीबाई. साहेब तंबूत असताना ती दूध आणून द्यायची, आणि त्या वेळी मोतीला गूळ चारायचा साहेबांना नाद होता. तिनं वळून बळीरामला त्यांच्या बोलीत काहीतरी सुनावलं. लगेच बाजा बाहेर आल्या, बायका बाहेर आल्या, आणि आम्ही निंबाखाली बसलो.

ज्वारीची बाटी, म्हणजे त्यांची जाड भाकर, आणि मिरचीचं कालवण आलं. दाजींनी या वेळी डोळे वटारले नाहीत.

साहेबांनी मला सांगितलं, तिला विचार, जमिनीचं काय झालं. चांदीबाईनं हातानंच दाखवलं. निंबापासून ओढ्यापर्यंत तांड्याची शेतं होती. थोडी गेली, बरीचशी राहिली. पहिली दोन वर्षं नांगर धरायला कोणालाच येत नव्हतं, बाया रडायच्या, पाऊस कमी झाला. मग पोरं शिकली. तिचा एक पुतण्या यवतमाळला मास्तर होता. पण तिचा बाप कधी शेतकरी झाला नाही. जमीन त्यानं मुलांना दिली आणि दर वर्षी दसरा झाला की एका बैलावर मिठाचं पोतं टाकून तो जुन्या वाटेनं निघायचा. मीठ कोणी घेत नसे. होळीला परत यायचा. एका वर्षी आला नाही.

साहेबांनी विचारलं, त्याला माती कुठे दिली? त्यांना ती जागा पाहायची होती.

"मालूम नाई," चांदीबाई म्हणाली. "कोन्या वाटेवर पडला, कोनाले ठाव."

मग साहेबांनी मला असा प्रश्न विचारायला सांगितला की माझी जीभ रेटेना. मी त्याला बैल विकायला लावले, ते चुकलं का? मी तो जमेल तसा विचारला. तिनं साहेबांकडे नवलानं पाहिलं.

"रेल आलती ना. तू नसता आला तरी बैल गेलेच असते. तू कायले डोक्यावर घेऊन राह्यला?"

मी भाषांतर केलं. खिशातून रुमाल काढून साहेबांनी चष्मा पुसला. मग मला म्हणाले, तिला सांग, तिच्या बापाचं बोलणं मी लंडनच्या पार्लमेंटमध्ये सांगितलं होतं. माझं पहिलं भाषण त्याच्याबद्दल होतं.

पार्लमेंट म्हणजे काय हे सांगताना माझी त्रेधा उडाली. राजाची मोठी सभा, जिथे कायदे होतात, असं मी म्हटलं. चांदीबाईला ते कळलं, पण खरं वाटलं नाही. बाप राजाच्या सभेत? तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा खात्री केली. मग उठली आणि घराघरांतून माणसं बोलावून आणली. निंबाखाली पोराबाळांसकट सगळा तांडा गोळा झाला, आणि ती साहेबांना म्हणाली, "बोल. तिथी बोलला तसाच बोल."

साहेब हसले. पण मग उभे राहिले. त्यांनी कोटाची बटणं लावली, कोल्हापुरी चपलांत पाय नीट रोवले, एका हातानं कोटाची कड धरली. आणि ते बोलू लागले तेव्हा मला कळलं की हा माणूस खरंच कधीतरी मोठ्या सभेपुढे उभा राहत असला पाहिजे. आवाज भरदार झाला. वाकलेली पाठ सरळ झाली. ते वाक्यावाक्याला थांबत होते आणि मी मराठी करत होते. बळीराम ते म्हाताऱ्यांसाठी पुन्हा त्यांच्या बोलीत सांगत होता.

मी स्वतः जमीनदार आहे, असं त्या भाषणात होतं. माझ्या आजोबांनी माणसांच्या घरांची छपरं उतरवली. इथे बसलेले माझे मित्र म्हणतात की कुळांना मालकी कळणार नाही. मी हिंदुस्थानात एका माणसाला जमीन देऊ केली होती. त्याच्याकडे एक वीतही नव्हती, तरी तो नको म्हणत होता. मी त्याला विचारलं, जमीन कोणाची असते असं तुला वाटतं? त्यानं खाली बोट दाखवून म्हटलं, जमीन पायाखाली असते त्याची. त्या हिशोबानं माझी जमीन माझी नाही. मी तिच्यावर फक्त शिकारीला जातो.

इथे सभागृह हसलं होतं, साहेबांनी सांगितलं. तांड्यातले लोकही हसले, पण ते शिकारीला नव्हे. थावरा बोट दाखवायचा तसं साहेबांनी हुबेहूब दाखवलं होतं, त्याला हसले. एका म्हाताऱ्यानं टाळी वाजवली. साहेब म्हणाले, ते वाक्य पुढे माझ्या भागातले लोक म्हणीसारखं वापरू लागले. माझ्या फाटकावर कोणीतरी ते खडूनं लिहिलंही होतं.

चांदीबाई हसत नव्हती. ती मान वाकडी करून विचार करत होती.

"बा असं नाई म्हनला," ती म्हणाली. "अर्धंच सांगतलं तू."

मी साहेबांना ते सांगितलं. ते यंत्राची तार नीट करत पुढे वाकले. चांदीबाई सावकाश, मला मराठी करता यावं म्हणून थांबत थांबत बोलली.

"जमीन पायाखाली हाय तवर आपली. पाय उचलला का दुसऱ्याची. बा नेहमी म्हने."

म्हणजे थावराला कसणाऱ्याचा हक्क सांगायचाच नव्हता. चालणाऱ्या माणसाचं बोलणं होतं ते. जमीन कोणाचीच नसते, असं तो म्हणत होता, आणि नवख्या साहेबाला पहिला तुकडा तेवढा कळला होता. मी ते इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग ते बाजेवर बसले.

"पूर्ण ऐकलं असतं," ते म्हणाले, "तर मी त्या दिवशी बोलायला उभाच राहिलो नसतो."

हे मी चांदीबाईला सांगितलं.

"मंग बरं झालं, अर्धंच ऐकलं."

साहेबांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि त्यांना पाहून पोरंही हसायला लागली. थावराच्या त्या अर्ध्या वाक्यानं त्यांनी आपली जमीन दिली होती, मित्र गमावले होते. मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. पण ओझं उतरलेल्या बैलासारखे ते मोकळे दिसत होते.

उन्हं कलली तसे दाजी उठले. साहेब एकेकाला हात जोडत जीपकडे चालले. चांदीबाई मागून आली. कित्येक वर्षांनी भेटलेल्या आपल्या माणसाच्या गळ्यात पडून गात गात रडायची बंजारा बायकांत रीत आहे. आम्ही आलो तेव्हा तिनं ते केलं नव्हतं, तेव्हा तिला साहेब परके होते. आता जाताना तिनं त्यांच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले, कपाळ त्यांच्या छातीशी टेकवलं आणि ती गाऊ लागली. उंच, थरथरता, लांबवलेला सूर. आमच्याकडे बाई असं रडते ती फक्त मयताला. मी घाबरले. बळीराम म्हणाला, घाबरू नका बाई, ती विचारून राह्यली. इतके दिवस कुठी होता, कोनत्या गावचं पानी प्याला, तुही माय कधी गेली, घरात दिवा कोन लावते, लेकरं कशी हायेत, असं.

मी ते साहेबांना सांगायला पुढे झाले. पण साहेब अगोदरच बोलत होते. तिच्या डोक्यावर हात ठेवून, हळू आवाजात, इंग्रजीत. आई आपण बोटीवर असताना गेली. बायकोचं नाव नोरा, तिला खोकला होता. मोठा मुलगा लढाईत विमानासकट समुद्रात पडला, धाकटा त्यानंतरच्या वसंतात गेला. वाडा जळाला त्या रात्री नोरानं फक्त कुत्रा आणि मुलांचे जोडे बाहेर आणले. हे त्यांनी ताईच्या अंगणात कधी सांगितलं नव्हतं. म्हातारी गात होती, ते सांगत होते. तिला त्यांचं कळत नव्हतं, त्यांना तिचं कळत नव्हतं, आणि दोघंही थांबत नव्हती.

बळीरामनं माझ्याकडे पाहिलं, तिला सांगू का म्हणून. मी मान हलवून नको म्हटलं. दाजी जीपमध्ये बसले होते. किल्ली फिरवायला पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.